छपराची वळचण : खानदेशातल्या घरांची जुनी गोष्ट



बियाणं, खत, फवारणी यांची माहिती आपण नेहमीच वाचता. आज जरा घराविषयी बोलू. ‘आढ्याचं पाणी वळचणीला’ असं आपण सहज म्हणून जातो. पण वळचणीवरून ते पाणी पुढं कुठं पडतं, हे कोणी बघत नाही. ते भिंतीच्या पायाशी पडत असेल, तर मातीची भिंत खालून खचत जाते. अशी भिंत भर पावसात रात्री बसली, तर माणसं नि ढोरं दोन्ही तिच्याखाली सापडतात.

ही अडचण आजची नाही. साक्री तालुक्यात कावठे इथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं, तेव्हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. ती माणसं जमिनीत खड्डे करून, वर छप्पर घालून राहत. आता तुम्हीच विचार करा. खड्ड्यातलं घर पावसाळ्यात कोरडं राहायचं, तर छप्पर खड्ड्याच्या काठापलीकडे उतरलेलं असलंच पाहिजे. वळचण म्हणतात ती हीच.

पुढं आपल्या मुलखात छपराच्या दोन तऱ्हा रुळल्या. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. तिकडं पाऊस जास्त. नवापुराकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. म्हणून भिल्ल, पावरा बांधवांची घरं उतरत्या छपराची. भिंत बांबूच्या कुडाची, वरून शेणमातीचा गिलावा, आणि छप्पर भिंतीच्या चांगलं पुढं आलेलं. त्याखाली सरपण कोरडं राहतं नि शेळ्याही बांधता येतात.

धुळे-शिंदखेड्याकडे पाऊस याच्या निम्म्यावर, आणि जळगावकडे त्याहून थोडा अधिक. उन्हाळा मात्र भाजून काढणारा. इथं धाब्याची घरं झाली. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पाला आणि मातीचा जाड थर. आखाजी झाली की मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकून चोपायची. वैशाखात अशा घरात शिरलं की जीव थंड होतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. धाब्याला म्हणावी अशी वळचण नव्हती. पण पन्हळ होतं. भिंतीच्या पुढं हातभर काढलेलं पन्हळ सगळं पाणी लांब टाकायचं.

मग दिवस पालटले. १८६० नंतर मुंबईकडून रेल्वे जळगाव-भुसावळला आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. इकडं मंगळूरला १८६५ साली बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला. रेल्वेमुळं कौलं, पत्रे असला जड माल दूरवर नेणं सोपं झालं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर लाकूडतोडीवर बंधनं वाढत गेली. धाब्याला तर भक्कम लाकूड लागतं, कारण वर मणांनी माती असते. म्हणून हळूहळू हलकं छप्पर लोकांना परवडू लागलं.

पत्रा आला याला माझी हरकत नाही. चूक झाली ती पुढंच. धाबं उतरवलं, त्याबरोबर पन्हळ गेलं, आणि पत्रा टाकताना वळचण ठेवायची राहून गेली. भिंत तीच राहिली, मातीची.

हिशोब करून बघा. खोली आतून बारा फूट रुंद, दोन्ही भिंती दीड-दीड फुटांच्या. बाहेरून झाले पंधरा फूट. आढं मधोमध घेतलं, तर एका पाख्याला साडेसात फूट. तीन फुटांना एक फूट उतार दिला, की तिरपं माप जवळजवळ आठ फूट भरतं. आठ फुटी पत्रा घेतला, तर तो भिंतीच्या कडेलाच संपतो. पाहुणा म्हणेल, ‘बरोब्बर बसला की!’ पण तिथंच घात होतो. दहा फुटी पत्रा घ्या, म्हणजे दोन फूट वळचण मिळते आणि पागोळी पायापासून लांब पडते. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पाया काळ्या जमिनीत असला, तर पाणी दूर ठेवणं अधिकच गरजेचं. पागोळी पडते तिथं दगड-मुरूम घालून चारी काढा आणि तिला बाहेर उतार द्या.

तिरप्या पावसात दोन फुटी वळचण भिंतीचा वरचा भागच वाचवते. म्हणून खाली दगडी जोतं दीड-दोन फूट तरी उचला.

उन्हाचंही गणित सोपं आहे. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस दुपारी बारा-साडेबाराला सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो. त्यामुळं दोन फूट वळचणीची सावली दक्षिणेच्या भिंतीवर दोनच फूट उतरते आणि थंडीत ऊन भिंतीला लागतं. मार्चच्या विषुवदिनी तीच सावली पाच फुटांवर जाते. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर, म्हणजे सगळी भिंत सावलीत. पश्चिमेच्या भिंतीला मात्र वळचण पुरत नाही, कारण तिसऱ्या प्रहराचं ऊन आडवं येतं. नैर्ऋत्येचा पाऊसही त्याच बाजूनं झोडपतो. तिकडं पडवी काढा. जमत नसेल, तर भिंतीपासून चांगलं लांब एक निंबाचं झाड लावा.

एक जपायचं. वळचण जितकी लांब, तितकं वारं तिला खालून उचलतं. दोन फुटांपुढं जायचं असेल, तर खालून तिरपे ठेपे द्या. शेवटच्या वाशाला पत्रा हुकानं नि वायसरानं आवळा. नुसते दगड ठेवून भागत नाही. वादळात पत्र्याबरोबर दगडही खाली येतात.