पाच हजार लिटरची टाकी आणि ५६ किलोमीटरचा फाटा

साक्रीत उभं राहून रेल्वेच्या डिझेलवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. आपल्या गावाला रूळ नाहीत. गाडी धरायची तर धुळ्याला, नाहीतर नंदुरबार-दोंडाईचाकडे जायचं. आज आपण धुळे-चाळीसगाव फाट्याकडे बघू.

हा ५६ किलोमीटरचा फाटा १९०० साली सुरू झाला. कोळशाच्या इंजिनाला कोळशाइतकीच पाण्याचीही चिंता, आणि आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. डिझेलने ही कटकट संपवली. डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ साली अमेरिकेतून आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. त्याची टाकी ५,००० लिटरची. भरली की नुसत्या डिझेलचं वजन चार टनांच्या वर. मग आणखी मोठी का नाही? कारण प्रत्येक आसावर आधीच १९ टनांच्या आसपास भार, आणि रूळ किती सोसणार यालाही मर्यादा. तसंही धुळ्याच्या पॅसेंजरला ही टाकी म्हणजे समुद्र!

पैसा जायचा तो उभं राहण्यातही. ब्रेकला हवेचा दाब लागतो, बॅटरी उतरली तर इंजिन पुन्हा चालू होईल का ही धास्ती, म्हणून गाडी उभी असतानाही इंजिन धडधडत ठेवायचं. अशा वेळी तासाला साधारण २५ लिटर डिझेल जळतं. तीन तास थांबा म्हणजे ७५ लिटर, आणि प्रवासी एक फूटही पुढे नाही. पुढे काही इंजिनांना छोटं सहायक इंजिन बसवलं, तेव्हा हाच खर्च तासाला तीन लिटरांवर आला. आमच्या मते ही युक्ती फार उशिरा आली.

जानेवारी २०१३ मध्ये सरकारने घाऊक ग्राहकांचं अनुदान काढलं आणि त्यांचं डिझेल लिटरमागे दहाएक रुपयांनी महागलं. पंपावरच्या मोटारवाल्याला स्वस्त, रेल्वेला आणि एसटीला महाग, असा उलटा न्याय! अनेक राज्यांच्या एसटी महामंडळांनी सरळ साध्या पंपावर गाड्या भरायला सुरुवात केली. रेल्वेचं इंजिन पंपावर कसं नेणार? त्याच एप्रिलपासून मालभाड्याला इंधनाचा भार जोडला गेला.

विजेची तार आली तेव्हा या फाट्याचा हिशेबच बदलला. डिसेंबर २०२१ पासून इथे मेमू धावते. तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन, त्यामुळे धुळ्याला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं कामही उरलं नाही.