सचित्र मासिकांची मोहिनी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात सचित्र मासिकांस जी लोकप्रियता लाभली, तिची कारणे मननीय आहेत. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्याने सामान्यांची मुले शाळेत येऊ लागली. परंतु अक्षरओळख झाली म्हणजे वाचनाची गोडी लागतेच असे नाही. ती गोडी चित्रांनी लावली.

पूर्वी चित्र लाकडी ठोकळ्यावर हाताने कोरावे लागे. मोठा ठोकळा अनेक कारागिरांत तुकड्यातुकड्यांनी वाटून पुन्हा जोडीत. पुढे छायाचित्रणाच्या साहाय्याने ठसे निघू लागले व श्रम वाचले. जॉर्ज न्यून्स यांनी जानेवारी १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिक काढले, ते अवघ्या सहा पेन्सांत. त्याच वर्षी जुलैपासून त्यात शेरलॉक होम्सच्या लघुकथा सिडने पॅजेट यांच्या चित्रांसह येऊ लागल्या. होम्सची सुप्रसिद्ध शिकारी टोपी ही पॅजेट यांच्याच कुंचल्याची देणगी होय.

चित्रांनी बुद्धी मंदावते, असा आक्षेप कवी वर्ड्‌स्वर्थ यांनी १८४६ मध्येच घेतला होता. तथापि चित्रासाठी उघडलेले पान पुष्कळांनी अखेर वाचलेही, हे विसरता येत नाही. म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती, की चित्रे पाहण्यात रमलेल्या मुलाच्या हातून पुस्तक हिरावून घेऊ नये. वाचनाची पहिली पायरी तीच असते.