ई-सिगारेट व धूम्रपानमुक्ती

सिगारेट किंवा बिडी सोडण्यासाठी तिच्या जागी निकोटिनयुक्त वाफ देणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण वापरण्याची पद्धत. या उपकरणाला ई-सिगारेट, बोलीभाषेत ‘वेप’ व ते ओढण्याला ‘वेपिंग’ म्हणतात. त्यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे धूर होत नाही. निकोटिन मात्र शरीराला मिळत राहते. म्हणजेच या पद्धतीत आधी धूर सुटतो, निकोटिनचे व्यसन मागाहून सोडवावे लागते. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडण्याचे एक साधन म्हणून सरकारी आरोग्यसेवा तिचा पुरस्कार करते. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात व विक्री यांवर पूर्ण बंदी आहे.

तत्त्व : धूम्रपानाची तलफ निकोटिनमुळे येते, रोग मात्र प्रामुख्याने धुरामुळे जडतात. झुरका घेताना सिगारेटच्या पेटत्या टोकाचे तापमान सुमारे ९००° से.पर्यंत चढते. या ज्वलनातून निघणाऱ्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात व त्यांतील सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. धुरातील डांबर फुप्फुसांत साचते आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनला चिकटून त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटवतो. निकोटिन व धूर यांच्या परिणामांतील हा भेद ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्ये ठळकपणे मांडला. निकोटिनचा च्युइंगगम, त्वचेवर लावायची पट्टी व पुढे ई-सिगारेट यांमागील विचार याच भेदावर उभा आहे.

निकोटिन निर्धोक नाही. त्याने नाडीचे ठोके व रक्तदाब वाढतो, गर्भाच्या वाढीवर व किशोरवयीन मेंदूच्या विकासावर त्याचा अनिष्ट परिणाम होतो आणि त्याची सवय सहजासहजी सुटत नाही. म्हणून ही पद्धत केवळ धूम्रपान करणाऱ्या प्रौढांसाठी आहे. कधीच सिगारेट न ओढलेल्या माणसाला ई-सिगारेटपासून आरोग्याचा कोणताही लाभ नाही.

रचना व कार्य : बॅटरी, धातूच्या तारेचे वेटोळे (कॉइल), त्याला लागून असलेली कापसाची वात, द्रव साठवणारी टाकी किंवा पॉड आणि तोंडात धरायची नळी हे ई-सिगारेटचे मुख्य भाग होत. झुरका घेतला किंवा बटण दाबले की कॉइल तापते व वातीत मुरलेल्या द्रवाचे सूक्ष्म थेंबांच्या फवाऱ्यात रूपांतर होते. वाफ म्हणून ओळखला जातो तो हाच फवारा. द्रवात प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व स्वादद्रव्ये असतात. वात कोरडी पडली किंवा कॉइल फार तापली, तर जळका वास येतो आणि फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्ये तयार होऊ शकतात.

सुरुवातीची उपकरणे दिसायला सिगारेटसारखी होती व निकोटिन कमी देत. त्यानंतर पुन्हा भरता येणाऱ्या टाकीची, मग लहान पॉडची आणि शेवटी एकदा वापरून फेकायची उपकरणे आली. बेंझॉइक अम्ल वापरून केलेल्या निकोटिन-क्षारांमुळे मोठा बदल झाला. साधे निकोटिन जास्त प्रमाणात घेतले की घशाला झोंबते. क्षाररूपातील निकोटिन तितके झोंबत नाही. त्यामुळे तीव्र मात्राही सहज ओढता येऊ लागली. जुन्या धूम्रपानकर्त्याला सिगारेट सोडणे यामुळे सोपे झाले, तसेच नवख्या मुलाला निकोटिनची सवय लागणेही.

इतिहास : अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना तंबाखू व धूर यांविना चालणाऱ्या सिगारेटचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले, परंतु ते उपकरण बाजारात रुजले नाही. आजच्या ई-सिगारेटचे जनकत्व चिनी औषधनिर्माते होन लिक यांच्याकडे जाते. ते स्वतः धूम्रपान करीत आणि निकोटिनच्या पट्टीने त्यांची तलफ भागत नसे. २००३ मध्ये त्यांनी श्राव्यातीत कंपनांनी द्रवाचा फवारा करणारे उपकरण तयार केले. ‘रुयान’ या नावाने ते चीनमध्ये विकले जाऊ लागले व काही वर्षांतच युरोप-अमेरिकेत पोचले. कंपनांची जागा पुढे तापणाऱ्या कॉइलने घेतली.

सिगारेट कंपन्या या धंद्यात उशिरा, परंतु मोठ्या भांडवलानिशी उतरल्या. २०१३ मध्ये इंपीरियल टोबॅको समूहाने होन लिक यांच्या कंपनीकडील पेटंटे ७.५ कोटी डॉलरना घेतली. २०१८ मध्ये मार्लबरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने जूल या वेप कंपनीत १,२८० कोटी डॉलर गुंतवून ३५ टक्के हिस्सा घेतला. धूम्रपान सोडवणारे साधन व सिगारेट एकाच मालकाच्या हाती असणे, हा ई-सिगारेटविषयीच्या अविश्वासाचा एक मोठा आधार आहे.

बदलाची प्रक्रिया : सिगारेट दहाबारा झुरक्यांत आपोआप संपते, वेपला असा शेवट नसतो. म्हणून नवा वापरकर्ता एका बैठकीत भरपूर ओढण्याऐवजी दिवसभर अधूनमधून दोनचार झुरके घेऊ लागतो. ओढण्याची रीतही वेगळी असते. सिगारेटसारखा छोटा, जोरकस झुरका घेतला तर द्रव तोंडात येतो किंवा ठसका लागतो. वेपचा झुरका सावकाश व लांब घ्यावा लागतो. पहिल्या काही दिवसांत खोकला व घशाला कोरड हे त्रास सर्रास आढळतात.

निकोटिनची मात्रा बेताची निवडणे हे अपयशाचे एक नेहमीचे कारण होय. दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्याने ‘कमी तेच बरे’ म्हणून सौम्य द्रव घेतला, की तलफ भागत नाही व तो पुन्हा सिगारेटकडे वळतो. म्हणून अशा व्यक्तीला आरंभी तीव्र मात्रा सुचवली जाते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार ठरलेली व ब्रिटनमध्येही लागू असलेली कमाल मर्यादा दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. सिगारेट कायमची सुटली आणि ती पुन्हा ओढावीशी वाटेनाशी झाली, की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत वेपही बंद करावा, असा क्रम सुचवला जातो.

ब्रिटनमधील धूम्रपानमुक्ती केंद्रांत प्रगती तपासण्याची सोपी रीत आहे. व्यक्तीने श्वास काही सेकंद रोखून एका छोट्या यंत्रात सोडायचा. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा लगेच पडद्यावर उमटतो. वेपमध्ये ज्वलन नसल्याने पूर्ण बदल केलेल्या माणसाचा आकडा एकदोन दिवसांत धूम्रपान न करणाऱ्याइतका खाली येतो. सिगारेट चोरून चालू असेल, तर तेही यंत्र उघड करते.

सकाळी चहाबरोबर सिगारेट आणि कचेरीत वेप, असा दुहेरी वापर पुष्कळांचा होतो. बदलाच्या काळात तो काही आठवडे चालला तर समजण्यासारखे आहे. तोच कायम झाला तर लाभ नाममात्र उरतो. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, दिवसाला २० सिगारेट ओढल्याने हृदयरोगाचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका केवळ एका सिगारेटनेही वाढतो. त्यामुळे सिगारेट कमी करण्यावर समाधान मानता येत नाही. शेवटची एक सुटणेही तितकेच महत्त्वाचे असते.

धूर थांबल्याचा एक परिणाम बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो. धुरातील काही संयुगे यकृतातील एका विकराला चालना देतात व त्यामुळे कॅफीन, थिओफायलिन, क्लोझापिन व ओलान्झापिन ही द्रव्ये शरीरातून लवकर निघून जातात. ही चालना निकोटिनमुळे मिळत नसल्याने वेप चालू असला तरी ती थांबते आणि औषधांचे रक्तातील प्रमाण चढते. दमा किंवा मनोविकार यांवर ही औषधे घेणाऱ्याने सिगारेट सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते. नेहमीइतकीच कॉफी पिऊनही झोप उडणे, छातीत धडधडणे हा त्याचाच सौम्य अनुभव असू शकतो. तो निकोटिन तुटल्याचा त्रास समजला जातो.

परिणामकारकता : इंग्लंडमधील धूम्रपानमुक्ती केंद्रांत ८८६ व्यक्तींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष पीटर हायेक व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. वर्षाअखेरीस ई-सिगारेट गटातील १८ टक्के, तर गम, पट्टी इ. निकोटिन-पर्याय घेतलेल्या गटातील ९.९ टक्के व्यक्ती सिगारेटपासून दूर होत्या. मात्र यशस्वी ठरलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. दुसऱ्या गटात पर्यायी औषध चालू ठेवणारे ९ टक्केच होते. उपलब्ध चाचण्यांचा वेळोवेळी आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनेही २०२२ पासून असा निर्वाळा दिला आहे, की निकोटिनयुक्त ई-सिगारेट पारंपरिक निकोटिन-पर्यायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. तरीही यश न मिळणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत फार मोठी आहे, हे या आकड्यांतून दिसतेच.

आरोग्यावरील परिणाम : इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ई-सिगारेट धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला. हा आकडा प्रयोगातून आलेला नसून तज्ज्ञांच्या एका गटाच्या मूल्यांकनावर आधारलेला होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर कडक टीका केली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या ५ टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले. फुप्फुसाचा कर्करोग बळावण्यास दशके लागतात आणि ई-सिगारेटचा व्यापक वापर त्यामानाने अलीकडचा आहे, म्हणून असे सर्व अंदाज तूर्त तात्पुरते मानावे लागतात.

अमेरिकेत २०१९ मध्ये वेपशी संबंधित फुप्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण व ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेक प्रकरणांचा संबंध गांजातील मादक घटक असलेल्या, अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या द्रवातील व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. याशिवाय बॅटरीचा स्फोट व लहान मुलांनी निकोटिनचा द्रव गिळल्याने होणारी विषबाधा हे धोके आहेत.

तरुणांमधील प्रसार : पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या व फळांच्या स्वादाच्या उपकरणांमुळे अमेरिकेतील शाळांत वेपचे लोण पसरले. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत असल्याचे आढळले; २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. ई-सिगारेटला अनुकूल असलेल्या ब्रिटननेही १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री बंद केली.

विविध देशांतील धोरणे : इंग्लंडने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपानकर्त्यांना वेपचा आरंभसंच व समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून वेप केवळ औषधांच्या दुकानांतून मिळतो. अमेरिकेत प्रत्येक उत्पादनाला अन्न व औषध प्रशासनाची परवानगी लागते. सिंगापूर व थायलंड येथे ई-सिगारेटवर बंदी आहे.

भारतातील स्थिती : केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे ई-सिगारेटवर बंदी घातली व डिसेंबरमध्ये तिला कायद्याचे रूप दिले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्याच वर्षी मे महिन्यात पूर्ण बंदीची शिफारस केली होती. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात यांच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. साठा करणेही गुन्हा आहे; केवळ ओढण्यासाठी मात्र कायद्यात वेगळी शिक्षा नाही. लंडनमध्ये रीतसर विकत घेतलेला वेप मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला आयातबंदीमुळे अडचणीत आणू शकतो.

नव्या पिढीला निकोटिनची गोडी लागू नये, ही बंदीच्या समर्थकांची मुख्य भूमिका. सिगारेट व बिडी पानटपरीवर राजरोस मिळत असता तुलनेने कमी घातक पर्याय तेवढा बेकायदा ठरला, असा विरोधकांचा आक्षेप आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालातील निकोटिनचे प्रमाण व द्रवाची शुद्धता यांवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही, हे दोन्ही पक्षांना नाकारता येत नाही.

ब्रिटनमधील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, कारण तंबाखूसेवनाचे स्वरूपच निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात ७.७ टक्के प्रौढ बिडी, तर ४ टक्के सिगारेट ओढत होते. धूरविरहित तंबाखू घेणारे मात्र २१.४ टक्के होते. महाराष्ट्रात ही तफावत अधिकच ठळक आहे : धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि चुना-तंबाखू, मशेरी, गुटखा यांसारखे प्रकार घेणारे २४.४ टक्के. ज्याची तंबाखू मुळात जळतच नाही, त्याला ‘धुराऐवजी वाफ’ हा बदल काहीच देत नाही. मुखकर्करोगाचा मोठा भार तर याच गटावर आहे.

भारतात धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यास निकोटिनचा गम व पट्टी, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याने ब्यूप्रोपियॉन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे घेता येतात. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर छापला जातो. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, परंतु तो सतत चघळत राहिल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाऊन मळमळ व उचकी सुरू होते आणि गम निरुपयोगी ठरवला जातो. चव तिखट लागू लागली की चघळणे थांबवून तो गाल व हिरडी यांच्यामध्ये धरावा, चव ओसरली की पुन्हा चघळावा. असे सुमारे अर्धा तास करावे. चहा, कॉफी किंवा फळांचा रस यांमुळे तोंडातील निकोटिनचे शोषण घटते. म्हणून गम घेण्यापूर्वी पंधरा मिनिटे व तो तोंडात असेपर्यंत ही पेये टाळावीत.