मोठा मल्ल कोण?

चोपड्यात कुस्त्यांची दंगल पाहून घरी परतताना वाद हा ठरलेलाच. यंदा तो माझ्या एका विद्यार्थ्याने उकरून काढला.

"गुरुजी, खाशाबा जाधव मोठे, श्रीपती खंचनाळे मोठे, की आपले विजय चौधरी?"

मी तोंड उघडण्याआधीच शेजारून चालणारे आबा गरजले, "हल्लीची ती कुस्तीच नव्हे रे! गादीवर गुण मोजत बसतात. आमच्या वेळी पाठ मातीला लागेपर्यंत सुटका नव्हती."

पोरगा हिरमुसला. तो रोज गादीवरच घाम गाळतो.

आबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 1959 साली दिल्लीत बंतासिंगला नमवून खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तो काळ मातीचा. मातीत पाय रुततो. तेथे ताकद आणि दमसास यांची कसोटी. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. तेथे चपळाई हवी आणि क्षणाक्षणाचा हिशेब हवा. एका तराजूत दोन्ही कसे तोलावे?

महाराष्ट्र केसरीची परंपरा 1961 पासूनची. 1962 साली ही स्पर्धा आपल्या धुळ्यात झाली आणि भगवान मोरे विजयी झाले. 1966 साली जळगावात दीनानाथसिंहांनी बाजी मारली. पुढे माती आणि गादी असे दोन विभाग झाले आणि दोहोंचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडू लागले. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरींनी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीनदा हा मान खानदेशात आणला. त्याला कुस्ती म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा खेळाडू होता. टोपलीखाली तो कोणाला आवरेना, म्हणून 1951 साली तेथील आखीव पट्टी सहा फुटांची बारा फूट केली. त्या पट्टीत चढाई करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. एका माणसासाठी नियम बदलले! हाही मोठेपणाच.

खाशाबांचे उलटे. गोळेश्वरच्या मातीत घडलेला हा मल्ल 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये परक्या गादीवर सहावा आला. त्याने नियमांना बोल लावला नाही. चार वर्षे मेहनत करून स्वतःला बदलले आणि 1952 साली हेलसिंकीत, 57 किलो गटात, कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत वाट पाहावी लागली.

मी आबांना एवढेच म्हणालो, "आबा, ज्या खाशाबांचे नाव तुम्ही अभिमानाने घेता, त्यांचे पदक गादीवरचेच होते."

आबा क्षणभर थांबले. मग त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली. "दिवाळीत घरी ये फराळाला," ते म्हणाले. "मातीतले दोन डाव दाखवतो. गादीवरही उपयोगी पडतील."