वादळाला नाव नसलं तरी पाऊस आपल्याकडेच येतो

वीसेक वर्षं पावसाच्या बातम्या लिहितोय. एक प्रश्न नेहमी येतो, "समुद्र सहाशे किलोमीटर दूर, आपल्याला वादळाचं काय?" उत्तरासाठी थोडा इतिहास बघू.

५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं, हजारो माणसं मेली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. मग १८६६ आणि १८७१ ला पावसानं दगा दिला आणि १८७५ साली हवामान खातं उभं राहिलं. म्हणजे इशारा आधी जहाजांना मिळाला. शेतकऱ्यांसाठी खास हवामान वार्तापत्र निघायला १९४५ उजाडलं!

आता समुद्राची गंमत बघा. बंगालच्या उपसागरात मोठी वादळं येतात ती एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या जुलै-ऑगस्टात पाणी गरमच असतं, तरी वादळ सहसा मोठं होत नाही. कारण खाली वारे पश्चिमेकडून आणि वर उंचावर पूर्वेकडून जोरात वाहतात. ढगांचा मनोरा उभा राहण्याआधीच कलतो. म्हणून तिथे कमी दाबाचे पट्टेच तयार होतात.

पण हेच 'कमजोर' पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि त्यांचा जास्त पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशावर असलं की नैऋत्येला कोण? आपणच! २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तेव्हा उपसागरात नाव दिलेलं एकही चक्रीवादळ नव्हतं.

दिवाळीच्या आसपास उलटं होतं. वरचे वारे शांत होतात आणि वादळं पूर्ण ताकद घेतात. १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रात, २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात काय झालं ते ठाऊक आहेच. नेमकं तेव्हाच आपल्याकडे कापसाची बोंडं फुटलेली आणि सोयाबीनची गंजी उघड्यावर असते. वादळ किनाऱ्यावर मोडलं तरी त्याचे ढग इथवर येऊन वेचणीचा कापूस भिजवू शकतात.

म्हणून टीव्हीवर वादळाचं नाव येण्याची वाट बघू नका. पावसाळ्यात 'उपसागरात कमी दाब' एवढे तीन शब्द ऐकले की नदीकाठच्या गावांनी आणि तहसीलनं कामाला लागावं. ऑक्टोबरात ऐकले, तर आधी ताडपत्री काढा. बंदरांना दीडशे वर्षांपूर्वी जी सावधगिरी मिळाली, ती पैनगंगेच्या काठालाही हवीच की!