हाऊबागहून नागपूर, दिल्लीमार्गे

1955 चा डिसेंबर. जबलपूरचा गोरखपूर बाजार मागे टाकून तुम्ही हाऊबाग स्टेशनात शिरता. पिशवीत दशम्या आहेत. शाळेच्या फुटबॉल संघात बूट तिघांकडेच, तुम्ही अनवाणी खेळणार. रुळांमधलं अंतर अडीच फूट, त्यामुळे डबा दोन्ही बाजूंना डुलतो.

“जल्दी चढा रे!” मास्तर ओरडतात.

ग्वारीघाटाजवळ नर्मदा ओलांडली की सातपुडा सुरू होतो. नैनपूरला फाटा: एक लाइन छिंदवाड्यावरून नागपूरला, दुसरी बालाघाटवरून गोंदियाला. वेळ भरपूर लागतो, पण जायचं तिकडेच. तुमच्या राज्याचं नाव मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. जिल्हा जिंकला तर पुढे नागपूर, अमरावती, रायपूर. इंदूर दुसऱ्या राज्यात, मध्य भारतात. शालेय क्रीडा महासंघ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालंय.

आता 1 नोव्हेंबर 1956 वर या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेलेत. भोपाळ राजधानी झाली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. घरोघरी बदल्यांच्या गोष्टी चालल्यात. तुम्हाला घोर वेगळाच. नागपूरच्या ज्या उंच गोलकीपरला चकवायची युक्ती तुम्ही वर्षभर घोटलीत, तो यापुढे मुंबई-पुण्याशी खेळणार. तुमच्या वाट्याला इंदूर आणि ग्वाल्हेर. रूळ कुणी उखडले नाहीत, छोटी गाडी वेळेवर सुटते, फक्त तिच्या टोकाला आता तुमचा सामना नाही.

1960 साली दिल्लीत शालेय फुटबॉलचा सुब्रतो चषक सुरू होतो. तिथे जायचं तर आधी आपापलं राज्य जिंका. म्हणजे सुमारे 270 किलोमीटरवरच्या नागपूरच्या शाळेशी गाठ पडायची तर दोघांनीही दिल्लीच गाठायची!

आणखी पुढे या, आजच्या दिवसात. 2015 साली छोटी लाइन बंद झाली. मैदान जबलपूरचंच, पण या वेळी तुम्ही पाहुणे, पांढुर्ण्याचे. तुमचा जिल्हा 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झाला. घरात मराठी, आणि नागपूर सुमारे 100 किलोमीटरवर. तरी विभागाच्या सामन्यासाठी तुम्ही 300 किलोमीटर आलात, कारण पांढुर्णा जबलपूर संभागात मोडतो. पाय आखडलेत. समोरच्यांना कळू नये म्हणून तुम्ही जोडीदाराला मराठीत सांगता, “डावीकडे टाक!” गोरखपूरचा बॅक हसत आधीच डावीकडे पोचलेला. त्याच्याही घरी मराठीच.

यात कुणाचा दुष्टावा नाही. जिल्हा, विभाग, राज्य ही उतरंड सरकारी आहे; प्रवासखर्च आणि मास्तरांची रजा त्याच दारातून मिळते. पण शेजारी कोण हे खात्याच्या नकाशावरून ठरवणं मला पटत नाही. नागपूर आणि जबलपूरच्या शाळांनी अर्ध्या वाटेवर, सिवनीला, वर्षातून एक मैत्रीचा सामना तरी ठरवावा. पांढुर्ण्याच्या पोरांनाही बोलवा.