बाटलीची चाचणी माणसाला

तळेऱ्याच्या नाक्यावरून एक रस्ता गोव्याला जातो, एक गगनबावडा घाटाने कोल्हापूरला, एक विजयदुर्गाला. अशा वर्दळीच्या वाटांवरच्या दवाखान्यांत सरकारी नियमानुसार गरोदर बाईचीही एचआयव्ही चाचणी होते: बोटाला टोचून घेतलेलं थेंबभर रक्त आणि काही मिनिटं. निकाल ‘रिअॅक्टिव्ह’ आला, म्हणजे चाचणीच्या किटने लागणीची खूण दाखवली, तरी त्या एका किटवर कुणी तिला ‘पॉझिटिव्ह’ म्हणत नाही. ही सावधगिरी उशिरा आली.

अमेरिकेने 2 मार्च 1985ला एचआयव्हीच्या पहिल्या एलायझा चाचणीला परवाना दिला, तो रक्तपेढ्यांसाठी. दूषित रक्ताची बाटली एकही सुटू नये, एवढाच हेतू. त्यापायी काही चांगल्या बाटल्या वाया गेल्या तरी चालणार होतं. पुढच्याच वर्षी चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, तिथल्या मराठी घरातल्या) आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातली पहिली लागण शोधली. त्यासाठी रक्ताचे नमुने वेल्लोरला न्यावे लागले.

आणि 1989मध्ये गोव्यात बाटलीची चाचणी माणसावर उलटली. नेमाने रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही आढळल्यावर त्याला पोलिसांनी नेलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत 64 दिवस एकट्याला डांबून ठेवलं. निदान खरं होतं, पण रक्तपेढीचा शेरा कोठडीचा हुकूम ठरला. आई ल्युसी कोर्टात गेली. मुलगा सुटला, बाधितांना असं डांबायची मुभा देणारा कायदा मात्र न्यायालयाने उचलून धरला.

एलायझाला लागणारं यंत्र नसलेल्या दवाखान्यांसाठी झटपट किट आली. अमेरिकेतल्या ‘पाथ’ संस्थेने कंगव्यासारखी चाचणी बनवली: एका दात्याला एक नमुना, लागण असेल तर दात्यावर ठिपका उमटणार. भारतात ती सुरतेत तयार होऊ लागली.

किट चांगली, तरी गणित आडवं येतं. समजा, हजार गरोदर बायांत दोघींना लागण आहे आणि किट निरोगी माणसांपैकी 99.5 टक्क्यांना बरोबर ओळखते. मग उरलेल्यांपैकी पाचजणी उगाच रिअॅक्टिव्ह येतील. म्हणजे सातांत पाच निकाल खोटे! तीच किट हजारात दोनशे बाधित असलेल्या गटात वापरा. खोटे निकाल चारच, खरे दोनशे. किट तीच, भरवसा वेगळा. लागण जितकी विरळ, तितका एकट्या किटवर कमी विश्वास टाकावा.

म्हणून लक्षणं नसलेल्या माणसासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) तीन किटचा नियम केला. तिन्हींची घडण वेगळी हवी, कारण एकच किट तीनदा वापरली तर तीच चूक तीनदा व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेने तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्यावरच निदान करण्याची शिफारस सगळ्या देशांना केली ती 2019मध्ये. या बाबतीत आपण पुढे होतो, हे क्वचितच कुणी सांगतं.

पण पहिलीच किट नॉन-रिअॅक्टिव्ह आली तर पुढच्या दोन उघडतच नाहीत. तिन्ही किट शोधतात ती प्रतिपिंडं, आणि लागणीनंतर ती अंगात तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून नुकताच धोका पत्करलेल्याला समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात.